मार्लिसच्या अंगणातला जानेवारी

मार्लिस एंगेब्रेट्सन शाळेची बस चालवून निवृत्त झाली. सरोवराच्या काठाने जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर तिने उभे आयुष्य गाडी हाकली, आणि बर्फामुळे बस उशिरा आली असे गावात कोणी कधी म्हटलेले नाही. बस उशिरा आलीही असेल. म्हटलेले मात्र नाही. उत्तर मिनेसोटात अशा गोष्टी बोलून दाखवायची रीत नाही. पारा शून्याच्या बराच खाली जातो, पापण्यांवर दंव साचते, नाकातला श्वास नाकातच कडक होतो, तेव्हा टपाल कचेरीच्या दारात भेटलेली दोन माणसे एकमेकांना म्हणतात, "आज जरा गार आहे, नाही?" "असेल थोडंफार." एवढे बोलून दोघे आपापल्या वाटेला लागतात.

मार्लिसची थोरली बहीण व्हर्ना मात्र या गावात पत्ता चुकून जन्माला आली असावी. तिला थंडी वाजे, आणि वाजली की ती तसे सांगे. लहानपणी चर्चमध्ये भर प्रार्थनेत "माझी बोटं गळून पडली" असे ओरडून तिने पाद्र्यांना थांबवले होते. आता ती सत्तरी ओलांडलेली, नवरा गेलेली, मुले दूरच्या शहरांत पांगलेली. रस्त्याच्या पलीकडे मार्लिसच्या घरासमोरच राहणारी. दोघींच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर होत्या. सकाळी व्हर्नाचा दिवा लागला की मार्लिस कॉफीचे आधण ठेवी. हे त्या दोघींनी कधी ठरवले नव्हते.

त्या वर्षी नाताळ उरकल्यावर व्हर्नाने सांगून टाकले की उबदार ॲरिझोनात मेसा शहरात एक छोटे घर विकायला आहे, मालकीण ओळखीतली आहे, आणि जानेवारीच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी ती होकार-नकार विचारायला फोन करणार आहे. होकार दिला की इकडचे घर विकायचे आणि कायमचे जायचे.

"बरं वाटेल तुला तिकडं," मार्लिस म्हणाली.

"जाऊ नकोस" असे तिला म्हणायचे होते. त्या घराण्यात असले बोलणे कोणालाच जमत नसे. त्यांच्या वडिलांनी धाकट्या मुलाला कायमचा अलास्कात धाडताना मिठी मारली नव्हती, गाडीभोवती एक फेरी मारून "चाकात हवा आहे ना?" एवढेच विचारले होते, आणि मग आठवडाभर ते कोणाशी बोलले नव्हते.

"अगं, आठ महिने काचेआड बसायचं," व्हर्ना म्हणाली. "मी काय लोणच्याची बरणी आहे? उन्हाळ्यात ठीक आहे, तुझ्या अंगणात बसतो, गप्पा मारतो. ऑक्टोबर आला की घरात. जून उजाडेपर्यंत मी माणूस आहे की फर्निचर, मलाच कळत नाही."

हे म्हणणे मार्लिसने नीट ऐकून घेतले. बहिणीची तक्रार थंडीची नव्हतीच मुळी; ती काचेची होती. काचेवर काही उपाय करता येईल असे मार्लिसला वाटले, आणि तिने मनाशी ठरवले की त्या शेवटच्या रविवारी, चर्च सुटल्यावर, व्हर्नाला उघड्या अंगणात बसवून कॉफी पाजायची. जानेवारीत. बाहेर.

बाहेर ऊब नेण्याच्या कामात ती अगदीच नवखी नव्हती. पक्ष्यांच्या पाणवठ्यापायी तिने बरीच वर्षे धडे घेतले होते. हिवाळ्यात पक्ष्यांना दाणे घालणारे पुष्कळ. पाणी कोणी देत नाही, आणि सरोवरासकट सगळे गोठल्यावर त्यांना पाणी कुठले? सुरुवातीला ती रोज सकाळी दगडी पाणपात्रात किटलीने गरम पाणी ओतायची. आत जाऊन किटली ठेवून परत येईतो त्यावर साय धरलेली असे. मग तिने पाण्यात बुडवून ठेवायचा एक हीटर आणला. एका रात्री खारीने त्याची वायर ओढून काढली, पाणी गोठून फुगले आणि सासूबाईंनी दिलेले ते पाणपात्र मधोमध दुभंगले.

"आईची आठवण होती ती," तिचा नवरा डुएन हळहळला.

"आता दोन आठवणी झाल्या," मार्लिस म्हणाली.

तेव्हापासून तिच्याकडे तळातच हीटर बसवलेले प्लास्टिकचे पसरट पाणपात्र होते. पाणी गोठायला आले की ते आपणहून चालू होई आणि गोठण्याची भीती गेली की बंद पडे. पाणी गरम होत नसे, फक्त पाणी राहत असे. पक्ष्यांना तेवढेच हवे असते. त्यात तिने चपटे दगड मांडले होते. चोच बुडावी, पण अंग बुडू नये. अशा दिवसांत भिजलेले पंख गोठले तर पाखरू उडूच शकत नाही.

पक्ष्यांची सोय अशी लागलेली होती. राहिली माणसांची.

डुएनला घेऊन ती डुलुथ शहरातल्या मोठ्या दुकानात गेली. तिथे गॅसवर चालणारे उंच, छत्रीसारखे हीटर ओळीने उभे होते. डुएनचा जीव त्यातल्या सर्वांत उंच हीटरवर जडला.

"हॉटेलांच्या बाहेर असतात बघ हे. भारदस्त दिसतात."

"भारदस्त दिसायला काय, तूही दिसतोस," मार्लिस म्हणाली. "अरे, आपल्या थंडीत सिलिंडरमधला गॅसच सुस्त होतो. चर्चमधल्या बेव्हच्या घरी काय झालं, विसरलास का? सगळ्यांना बाहेर बसवलं, आणि टर्की कापायच्या आत तिच्या हीटरनं मान टाकली. आणि हा चालला तरी काय तापवणार? हवा. हवा वर जाणार, वारा तिला शेजारच्या विस्कॉन्सिनात नेणार. विस्कॉन्सिन तापवायचे पैसे मी का भरू?"

तिने निवडला तो भिंतीवर अडकवायचा, विजेवर चालणारा, लांबट हीटर. तो हवेच्या भानगडीत पडत नाही. उन्हासारखा, समोर जो असेल त्याच्या अंगावर पडतो. डुएनने तो घराच्या भिंतीला, खुर्च्यांकडे थोडा झुकवून, लाकडी वळचणीपासून अंतर राखून बसवला. वायव्येकडून येणारा वारा अडवायला बर्फाच्या विटा रचून छातीएवढी भिंत उभी केली. वायरिंग पाहायला आलेल्या डुएनच्या भाच्याने जाताना एक गोष्ट बजावली. बाहेरची सगळी सॉकेट आणि गॅरेज एकाच खटक्यावर आहेत. भिंतीवरचा हीटर आणि पाणपात्र, एवढेच त्याला झेपेल. तिसरे काही लावले की खटका पडेल.

"ऐकलंस?" मार्लिस डुएनला म्हणाली. "त्या दिवशी आपली गाडी लावायची नाही."

त्या मुलुखात मोटारीच्या नाकातून एक वायर लोंबत असते. ती विजेला जोडली की इंजिन गरम राहते, नाहीतर सकाळी गाडी धोंड्यासारखी गप्प पडून असते. घरी आले की माणसे आधी गाडीची वायर जोडतात आणि मग बूट काढतात.

"नाही लावत," डुएन म्हणाला. आणि तो शब्दाचा पक्का होता.

पाहुणे म्हणून हार्लन आणि बेव्हला बोलावले होते. हार्लनने डुएनबरोबर रस्त्यावरचा बर्फ काढायच्या खात्यात नोकरी केलेली. त्याची बायको बेव्ह चर्चमध्ये ऑर्गन वाजवी.

"कॉफीला या," मार्लिसने फोनवर सांगितले. "बाहेर बसू."

"बाहेर म्हणजे," बेव्हने विचारले, "बाहेर बाहेर?"

"हो."

"बरं. छान. काही आणू का? केक, की स्लीपिंग बॅग?"

रविवार निरभ्र उजाडला. आकाश काचेसारखे निळे, वारा पडलेला, आणि सरोवराच्या बाजूने बर्फ तडकल्याचे आवाज. चर्चहून परतल्यावर मार्लिसने खुर्च्यांवर मेंढीची कातडी टाकली, पायांखाली पेंढ्याच्या जुन्या गाद्या पसरल्या, मांडीवर घ्यायला घोंगड्या ठेवल्या. हार्लन-बेव्हचा म्हातारा डिझेल ट्रक घरघरत अंगणात शिरला. व्हर्ना रस्ता ओलांडून चालत आली. तिने अंगावर इतके कपडे चढवले होते की लांबून एखादी गादी उठून चालत येतेय असे वाटावे.

"मी मेले तर जबाबदारी तुझी," तिने आल्याआल्या सांगितले. "संध्याकाळी मेसाचा फोन यायचाय. तोपर्यंत तरी जगव मला."

"बस," मार्लिस म्हणाली.

हीटर नारिंगी तापला होता. त्याचा उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यांवर पडला आणि ते एकदम दहा वर्षांनी लहान दिसू लागले. मार्लिसने लेफ्साची ताटली फिरवली. बटाट्याची ती पातळ पोळी लोणी-साखर लावून गुंडाळलेली होती, आणि उघड्यावर तिची वाफ नुसती बघत राहावी अशी. हार्लनने एक घास घेतला, हीटरकडे पाहिले, बर्फाच्या भिंतीकडे पाहिले आणि म्हणाला, "वाईट नाही." त्या गावात याहून मोठी स्तुती नाही.

"पाय गार पडलेत," व्हर्ना म्हणाली.

मार्लिसने तिच्या पायांखाली आणखी एक गादी सरकवली.

"आता गुडघे."

मार्लिसने घोंगडी वर ओढली.

"नाकाला काय करणार आहेस?"

मार्लिसचे मन खट्टू झाले. लिंबाच्या वड्या ओव्हनमधून काढायच्या होत्या, दुसरी कॉफी करायची होती; त्या निमित्ताने ती आत गेली आणि मुद्दाम रेंगाळली. वड्या कापता कापता तिने मनातल्या मनात संध्याकाळच्या फोनचा अंदाज घेतला. समोरच्या खिडकीत दुसऱ्याच कोणाचा तरी दिवा लागेल. ते लोक चांगले असतील. कॉफीचे आधण मात्र कोणाला बघून ठेवायचे?

तिने सुरी धुतली आणि सहज खिडकीतून पाणवठ्याकडे पाहिले. खोडावरून उलटा उतरणारा तो छोटा निळसर पक्षी, रोजचे गिऱ्हाईक, झेप घेऊन पाणपात्राच्या काठावर आला, तिथून ऐटीत पाण्यात पाय टाकायला गेला, आणि सपशेल घसरला. पोटावर आडवा होऊन पलीकडच्या काठाला जाऊन थडकला. उठून, कोणी बघितले तर नाही ना, अशा चेहऱ्याने त्याने इकडेतिकडे पाहिले.

बर्फ! तिच्या पाणवठ्यावर बर्फ!

तिने भिंतीकडे पाहिले. हीटर राखेसारखा करडा झाला होता. त्याच्या समोर डुएन, हार्लन आणि बेव्ह तसेच बसले होते. जाड मिटन हातमोजे घातलेल्या हातांत कप, माना ताठ, चेहऱ्यांवर पाहुण्यांचे समाधान. मार्लिसने दार उघडले.

"हीटर बंद पडलाय!"

"हो का?" हार्लन म्हणाला.

"मला वाटलं, फार गरम होतंय म्हणून तूच बंद केलास," बेव्ह म्हणाली. तिचे दात वाजत होते, त्यामुळे वाक्य संपायला वेळ लागला.

"केव्हा बंद पडला?"

"फार वेळ नाही झाला. ताटलीत लेफ्सा होत्या तेव्हा."

"म्हणजे मी आत गेले तेव्हाच! आणि तुम्ही कोणी एक अक्षर बोलला नाहीत? हार्लन, तुझ्या मिशीला बर्फ लटकतोय."

"माझी मिशी पांढरीच आहे."

"कपात कॉफी गोठलीय तुझ्या."

हार्लनने कप उलटा करून पाहिला. काही पडले नाही. "मला थंड आवडते," तो म्हणाला.

मार्लिसची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे, अंगणात उभ्या ट्रककडे गेली. ट्रकच्या नाकातून लोंबणारी वायर लोंबत नव्हती. ती एका लांब नारिंगी वायरीला जोडली होती, आणि ती नारिंगी वायर बर्फातून वळणे घेत थेट गॅरेजच्या भिंतीपर्यंत गेली होती.

"डुएन."

"काय?"

"ती वायर."

डुएन उठून उभा राहिला. "आपली गाडी लावली नाही मी. तू म्हणाली होतीस, आपली गाडी लावायची नाही. तिला हातसुद्धा लावला नाही. पण पाहुण्यांची गाडी तशीच थंडीत उभी ठेवायची? घरी आलेल्या माणसाची? लोक काय म्हणतील?"

"अरे, त्यांचं इंजिन तव्यासारखं तापलेलं आहे! आत्ता तर आलेत ते!"

"मी बघितलं त्याला लावताना," हार्लन म्हणाला. "म्हटलं, 'नको' म्हणालो तर वाईट वाटेल त्याला."

"आणि मी म्हटलं हार्लनला," बेव्ह म्हणाली, "की हीटर गेलाय बहुतेक. तो म्हणाला, बोलू नकोस, मार्लिसनं एवढा खटाटोप केलाय."

मार्लिसला हसावे की रडावे कळेना. या तीन सभ्य मूर्खांच्या संगतीत जानेवारीत उघड्यावर गारठून बसता येते, एवढेच तिने बहिणीला सिद्ध करून दाखवले होते. तिने धीर गोळा केला आणि व्हर्नाकडे वळली. आता ही सगळ्या वर्षांचे उट्टे काढील.

व्हर्नाची खुर्ची भलतीकडेच तोंड करून होती. घोंगडी मांडीवरून घसरून बर्फात पडली होती. टोपी मागे सरकलेली. ती अंगणाच्या टोकाला असलेल्या, लाल फळांनी लगडलेल्या रोवनच्या झाडाकडे टक लावून बघत होती.

"श्शू!" ती मागे न वळता म्हणाली. "तोंडं मिटा जरा सगळ्यांनी."

झाड पाखरांनी भरले होते. गावात त्यांना मेणपंखी म्हणतात: डोक्यावर तुरा, डोळ्यांवर काळी पट्टी, पंखांवर लाखेचे थेंब सांडल्यासारखे लाल ठिपके, शेपटीला पिवळी किनार. येतात तेव्हा झुंडीने येतात, आणि कित्येक हिवाळे येतही नाहीत. सगळी झुंड बारीक घंटा हलवल्यासारखी किणकिणत होती.

"रांग लावून पाणी पीत होते गं," व्हर्ना कुजबुजली. "फळं खायची, खाली यायचं, घोट घ्यायचा, दुसऱ्याला जागा द्यायची. एकानं तर दुसऱ्याला फळ भरवलं, चोचीत चोच घालून. आणि आता पाणी बंद झालंय त्यांचं. बघ कसे बसलेत. तू उभी काय राहिलीस? कर ना काहीतरी!"

"व्हर्ना, तुला थंडी नाही वाजत?"

"कसली थंडी?" व्हर्ना वैतागून म्हणाली.

मार्लिस तिच्याकडे बघतच राहिली. हार्लन, बेव्ह, डुएन, तिघांनीही तेच सांगितले असते, आणि तिघेही खोटे बोलले असते. पण थंडीच्या बाबतीत व्हर्नाने आयुष्यात कधी सभ्यपणा केला नव्हता.

मग धावपळ उडाली. डुएन वायर काढायला पळाला. बर्फात एकदा पडला, उठला, गॅरेजात शिरून त्याने खटका वर केला. मार्लिसने किटली आणली, आणि "उकळतं नको, कोमट कर!" असे व्हर्नानेच तिला दटावले. किटली हिसकावून घेऊन ती स्वतः घोट्याएवढ्या बर्फातून पाणवठ्याशी गेली, चमच्याने वरचा पापुद्रा फोडला, हळूहळू पाणी ओतले. मागे भिंतीवरचा हीटर पुन्हा नारिंगी झाला. बेव्हने त्याच्याकडे दोन्ही हात पसरले आणि चर्चमध्येही कधी काढला नव्हता असा सुस्कारा सोडला.

व्हर्ना पाणवठ्याजवळून हलली नाही. थोड्याच वेळात पहिला मेणपंखी तिच्यापासून हातभर अंतरावर उतरला, मग दुसरा, मग काठावर जागा उरली नाही. किटली तशीच धरून, श्वास रोखून ती उभी राहिली. आणि नेमका तेव्हाच तिच्या खिशातला फोन वाजला.

एकही पाखरू उडाले नाही. व्हर्नाने दातांनी मिटन ओढून काढले आणि फोन कानाला लावला.

"हो, मीच... नाही, संध्याकाळी कशाला, आत्ताच सांगते. नाही घेत मी... हो, केला की विचार... नाही, तब्येत चांगली आहे. घर चांगलंच आहे तुमचं, कोणीही घेईल... हळू बोलतेय, कारण पाखरं पाणी पितायत... तुमच्याकडे पण आहेत? असू देत. ठेवते."

हार्लन आपल्या गोठलेल्या कपाचे निरीक्षण करू लागला. मार्लिसला पुष्कळ काही म्हणायचे होते. ती म्हणाली, "वड्या गार होतायत."

"आणते ना मग," व्हर्ना म्हणाली, आणि नाक पुसत लगबगीने आत गेली. तिला परतायला वड्यांना लागतो त्याहून बराच जास्त वेळ लागला. तेवढ्यात मार्लिसने बर्फात पडलेली घोंगडी उचलून झटकली आणि हीटरसमोर धरली. ती झटकून झाल्यावरही बराच वेळ झटकत होती.

"तुला काय झालं?" डुएनने विचारले.

"धूर गेला डोळ्यांत."

"विजेचा आहे हीटर."

"तू गप्प बस," मार्लिस म्हणाली, आणि मग सगळ्यांच्या आधी तीच हसू लागली. बेव्ह हसली, हार्लन हसला तसा मिशीवरचा बर्फ त्याच्या मांडीवर पडला. आतून व्हर्ना ओरडली, "माझ्याशिवाय काय हसताय रे?" आणि ताट घेऊन धावतच बाहेर आली. सूर्य झाडांमागे जाईपर्यंत कोणी घरात गेले नाही. हार्लनने तर चौथी वडी उचलताना कोणी आग्रह करण्याचीही वाट पाहिली नाही.

त्याच आठवड्यात दोघी बहिणी डुलुथच्या दुकानात गेल्या. व्हर्नाने विक्रेत्याचा जीव नकोसा केला. हे पाणपात्र फार खोल. यात पाखरू बुडेल. हे फार गुळगुळीत. यावर ते घसरेल. हे निळे कशाला, पाखरांना काय पोहण्याचा तलाव हवाय? शेवटी तिने उथळ, खरबरीत तळाचे, मातकट रंगाचे एक पसंत केले. भिंतीवरचा हीटरही घेतला. मार्लिसच्या हीटरपेक्षा एक नंबर मोठा.

"तुझ्या ओट्याला एवढा कशाला?" मार्लिस म्हणाली.

"तू येशील, बेव्ह येईल, माणसं वाढतील. आणि त्या भाच्याला सांग, बाहेरच्यासाठी वेगळी लाइन टाक म्हणावं. डुएनला मी बोलावणारच, पण त्याच्या पाहुणचाराचा भरवसा नाही मला."

पाणपात्राचे खोके मागच्या सीटवर ठेवायला ती तयार होईना. मांडीवरच घेऊन बसली. मार्लिसने गाडी रस्त्याला लावली. सरोवरावर कोवळे ऊन पडले होते आणि बर्फ दूरपर्यंत गुलाबी दिसत होता.

"काय बघतेस?" व्हर्ना म्हणाली. "तो गाडीतला हीटर वाढव आधी. पाय गोठून गेले माझे."

मार्लिसने बटण शेवटच्या खुणेपर्यंत फिरवले.